अप्पा बळवंत चौक आराखड्यात कुठे होता?
शहराची रचना विकास आराखडा ठरवतो, हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं, तपकीर गल्लीत वायर-स्विच, तांबट आळीत तांब्याची भांडी, हे कोणी आखून दिलं? नववीचं गाईड नसलं तर दुकानदारच ‘शेजारी बघा’ म्हणतो. गिऱ्हाईक गल्लीबाहेर जात नाही, म्हणून नवा दुकानदारही गाळा तिथेच शोधतो, भाडं कितीही असो. (पार्किंगच्या नावाने शंख करत आपणही तिथेच जातो!) भुसार (धान्याच्या घाऊक) बाजाराचं गणित वेगळं. नाना-भवानी पेठेतल्या अरुंद रस्त्यांवर ट्रक मावेनात, तेव्हा तो गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. हिंजवडीचं आयटी पार्क मात्र खरंच एमआयडीसीने (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने) आखलेलं. तिथून संध्याकाळी सहाला कधी निघून बघा, ट्रॅफिकमध्ये आखणी कळेल.