अनोळखी कारागिराचं फाउंटन पेन घ्यावं का? तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही मांडलेले मुद्दे खरे आहेत आणि शाईचं पेन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला ते पडणारच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इतरांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. फारशा कुणाला माहीत नसलेल्या कारागिरांची पेनं घ्या असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की अशा पेनातली निब बहुतेक वेळा बाहेरून आणून बसवलेली असते, म्हणजे आपण पैसे मोजतो ते नुसत्या रंगीत दांडीचे. उद्या त्या कारागिरानं काम बंद केलं तर पेन दुरुस्तही होणार नाही. त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचं साधं पेन बरं, निदान ते लिहील याची खात्री असते. आणि शेवटी तुम्ही घ्यायचं ठरवत असलेल्या एका पेनाबद्दल माझं मत विचारलंत.

निब बाहेरची असते, हे अगदी बरोबर. जर्मनीत हायडेलबर्गची बॉक आणि बर्लिनची योवो या कंपन्या दुसऱ्यांच्या पेनांसाठी निब बनवतात. बॉक तर १९३९ पासून हेच करते आहे. त्यांच्या निब एकट्यानं लेथवर काम करणाऱ्या माणसाकडे जातात, तशा मोठं नाव असलेल्या कितीतरी युरोपीय पेनांतही बसतात, फक्त वर कोरलेलं चिन्ह बदलतं. पायलट, सेलर, प्लॅटिनम, लॅमी, पेलिकन यांच्यासारखे स्वतःची निब स्वतः घडवणारे मोजकेच. त्यामुळे ‘निब बाहेरची’ हा दोष धरायचा तर तो अनेक महागड्या पेनांनाही लागू होईल.

आता तुमची दुसरी भीती, कारागीर उद्या नसला तर काय, ती याच बाहेरच्या निबमुळे निम्मी होते. या निब सहसा नुसत्या सुट्या बसवत नाहीत. निब, तिच्याखालची जीभ म्हणजे फीड, आणि दोघांना धरून ठेवणारी आटेवाली नळी असं पूर्ण युनिट येतं आणि ते पेनाच्या पकडीत स्क्रूसारखं फिरवून बसतं. पेन टोकावर पडलं, निब वाकली, तर जुनं युनिट काढायचं आणि नवं बसवायचं. त्यासाठी मूळ कारागिराची गरज नाही. शाई भरायचा कन्व्हर्टरही अशा पेनात सहसा आंतरराष्ट्रीय मापाचा चालतो. लिहिण्याचं काम करणारे सगळे भाग असे सर्रास मिळणारे असतील, तर पेनाचं आयुष्य त्याच्या कर्त्याच्या धंद्यावर अवलंबून राहत नाही. उलट ज्या मोठ्या कंपन्यांचे कार्ट्रिज (शाई भरलेल्या तयार नळ्या) आणि कन्व्हर्टर फक्त त्यांच्याच पेनात बसतात, तिथे ग्राहक जास्त बांधला जातो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. बॉक आणि योवो, दोघांकडे ‘६ नंबर’ची निब असते, पण त्यांच्या नळ्यांचे आटे वेगळे असतात. एकाचं युनिट दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून ‘निब जर्मन आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. युनिट कुणाचं आणि कितव्या नंबरचं, हे लेखी विचारून घ्या. जो कारागीर हे लगेच सांगतो त्याच्याबद्दल माझं मत चांगलं होतं. ‘खास आमच्यासाठी बनवून घेतलेली निब’ असं मोघम उत्तर आलं तर मी तिथेच थांबते.

मग दांडी. इथे माझा तुमच्याशी खरा मतभेद आहे, आणि मूळ लेखात मी ज्यावर भर दिला होता तेही हेच. निब बाहेरची असली तरी पेन रोज चांगलं लिहिणार की नाही, याचा मोठा भाग त्या ‘रंगीत दांडी’तच ठरतो.

टोपणच घ्या. शाई म्हणजे मुख्यतः पाणी. टोपणात हवा खेळती राहिली की निबच्या चिरेतलं पाणी उडतं, रंग घट्ट होतो, आणि चार दिवसांनी पेन उघडलं तर पहिले दोन शब्द कोरेच उमटतात. लोक निबला दोष देतात, दुसरी निब बसवतात, आणि तीही तशीच वागते, कारण दोष टोपणात असतो. प्लॅटिनमनं २०११ मध्ये आपल्या ३७७६ सेंच्युरी या पेनाच्या टोपणात स्प्रिंगवर बसणारी आतली टोपी आणली ती याच एका कामासाठी. छोट्या कारागिराकडे तशी यंत्रणा नसते, पण आतली पोकळी निबपुरतीच ठेवणं, पकडीच्या कडेवर टोपण आतून नीट टेकेल असं घडवणं हे त्याच्या हातात असतं. क्लिप कशी बसवली आहे तेही बघा. टोपणाच्या भिंतीत खाच पाडून क्लिप आत घातली असेल आणि आत वेगळी टोपी नसेल, तर त्या खाचेतून हवा जात राहते. फोटोत पेन कितीही देखणं दिसलं तरी ही खाच तुम्हाला कुणी दाखवणार नाही, ती तुम्हालाच विचारावी लागते.

तीच गोष्ट आट्यांची. टोपण एकेरी आट्याचं असेल तर ते तीन-चार वेळा फिरवावं लागतं. तिहेरी, म्हणजे शेजारी-शेजारी तीन आटे पाडले तर साधारण सव्वा फेरीत टोपण लागतं, आणि आट्याचा उतार मोठा असूनही तो उथळ राहतो. असे आटे पाडायला वेगळी हत्यारं लागतात, ती मुद्दाम करून घ्यावी लागतात. म्हणून तिहेरी आटे दिसले की या माणसानं पेनाच्या कामात वेळ आणि पैसा घातला आहे, असं मी धरते. आट्यांच्या कडा हातानं मऊ केल्या आहेत का, हेही महत्त्वाचं, कारण बऱ्याच जणांची बोटं नेमकी तिथेच टेकतात. पकडीचा व्यास साधारण १० ते १२ मिलिमीटर असला की बहुतेकांना जमतं, पण तुमचा हात तुम्हालाच माहीत. सध्याचं आवडतं पेन मोजा आणि तो आकडा कारागिराला कळवा. मोठी कंपनी तुमच्यासाठी पकड एक मिलिमीटर जाड करून देणार नाही. हा माणूस देईल. लेथवर उभं राहून एकेक पेन तासणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो यामुळेच.

दांडी कुठल्या पदार्थाची आहे यावर फार लिहीत नाही. अॅक्रिलिक टिकाऊ, पण अल्कोहोल असलेल्या कशानंही पुसू नका, तडे जाऊ शकतात. एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, हाताला उबदार लागतं, पण उन्हानं आणि पाण्यानं त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट होत जातो. पेनभर शाई थेट दांडीत भरायची असेल, तर शाई कमी झाल्यावर आतली हवा हाताच्या उबेनं फुगते आणि थेंब बाहेर ढकलते. फीडच्या खाचा त्यातली थोडी अडवतात, सगळी नाही. लिहिताना मधेच डाग पडलेला चालणार नसेल तर कन्व्हर्टरच वापरा.

तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत जड मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात: एका पेनाचं कौतुक वाचून दुसरं पेन तसंच निघेल हे कशावरून? कशावरूनच नाही. मोठी कंपनी एकाच साच्यातून हजारो पकडी काढते, त्या सारख्याच असतात. हातानं केलेल्या कामात पेनापेनात फरक पडतो. म्हणून तुमचं हे पहिलंच फाउंटन पेन असेल, तर नावाजलेल्या कंपनीचं साधं, पोलादी निबचं पेन घ्या, हा तुमचा सल्ला मलाही मान्य आहे. चांगलं वाहणारं पेन हाताला कसं लागतं हे एकदा कळल्याशिवाय बिघडलेलं पेन ओळखता येत नाही.

पण नाव म्हणजे खात्री, इथवर मी येणार नाही. नावं विकली जातात. एस्टरब्रुक हे नाव अमेरिकेत १८५८ पासूनचं, मूळ कारखाना कॅम्डेनचा. आज त्या नावानं येणारी पेनं चांगली असतीलही, पण ती त्या कारखान्यातली नाहीत, नव्या मालकांची आहेत. जुन्या नावाच्या पेनालाही ‘आज हे कोण बनवतं, निब कुणाची’ हेच प्रश्न विचारावे लागतात. शिवाय निबचे नेहमीचे दोष सगळीकडेच निघतात. कारखान्यातून आलेल्या निबची दोन पाती कधी वर-खाली असतात. मग एका दिशेला रेघ गुळगुळीत जाते आणि दुसऱ्या दिशेला कागद खरवडते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून टोकाकडे समोरून बघितलं की हे लगेच दिसतं आणि बऱ्याचदा नखाच्या हलक्या दाबानं सरळही होतं.

दुसरा दोष जास्त फसवा. टोक गुळगुळीत करण्याच्या नादात चिरेच्या आतल्या कडाही घासल्या जातात. शाई चिरेत येऊन थांबते पण कागदापर्यंत पोचत नाही. असं पेन दुकानात हातात घेतलं तर लोण्यासारखं फिरतं आणि घरी प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर गाळतं. हा दोष घरी घासून काढायला जाऊ नका. टोकावरचा कठीण धातूचा ठिपका अगदी लहान असतो, एकदा गेला की परत येत नाही. (त्या ठिपक्याला सवयीनं इरिडियम म्हणतात. हल्ली त्यात टंगस्टन, रुथेनियम, ऑस्मियम असे धातू असतात, इरिडियम असेलच असं नाही. निब सोन्याची असली तरी कागदाला हाच ठिपका लागतो. म्हणून केवळ गुळगुळीत लिहावं यासाठी अनोळखी कारागिराकडून सोन्याची निब घेऊ नका. आधी त्याचं पोलादी निबचं पेन वापरून बघा.)

म्हणून छोट्या कारागिराला माझा ठरलेला प्रश्न असतो: पाठवण्याआधी तुम्ही प्रत्येक पेन शाईत बुडवून लिहून बघता का, आणि न जमल्यास ते बदलून देता का? फरक पडणारच असेल, तर तो माझ्या आधी त्याला दिसायला हवा.

आता तुमचं पेन. तुम्ही लिहिलंय की त्यात पिस्टन (शाई थेट दांडीत ओढून घेणारा दट्ट्या) आहे, निब कारागिरानं स्वतः घडवलेली आणि लवचिक आहे, आणि पेन परत घेतलं जात नाही. हे पेन घेऊ नका. कारागीर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण इथे निब त्याची, फीड त्या निबला जुळवलेला, आणि पिस्टनची सीलही त्यानं ठरवलेल्या मापाची. कालांतरानं सील झिजणार, आणि ती दुसरीकडे कुठे मिळणार नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेली भीती या पेनाला तंतोतंत लागू पडते. पेलिकननं पिस्टनचं पेन १९२९ मध्ये बाजारात आणलं. त्यामागे सुटे भाग आणि दुरुस्ती पुरवणारी मोठी कंपनी उभी आहे. एकट्या माणसाकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

लवचिक निबचं आणखी एक. दाब दिल्यावर पाती फाकणं सोपं, पण तेवढ्या वेगानं शाई पुरवणं फीडला जमायला हवं. नाही जमलं तर जाड रेघेच्या जागी दोन बारीक समांतर रेघा उमटतात आणि मधली जागा कोरी राहते. विक्रीच्या व्हिडिओत दिसतात ती सावकाश काढलेली दोन-चार वळणं असतात. अख्खं पान नेहमीच्या वेगानं लिहिलेलं दाखवा, असं सांगून बघा.

त्याच कारागिराचं कन्व्हर्टरचं, ६ नंबरच्या युनिटचं दुसरं पेन आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. ते मी घेईन. त्याआधी तीन गोष्टी विचारा: युनिट नेमकं कुणाचं, टोपणात आतली टोपी आहे का, आणि क्लिपची खाच आरपार आहे का. पेन हातात आलं की निब आणि फीड कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा. बनवताना राहिलेलं तेल शाईचा प्रवाह अडवतं, आणि पुष्कळ ‘बिघडलेली’ पेनं एवढ्यानंच सुधारतात. मग साधी, ओळखीची शाई भरून एक पान लिहा, टोपण लावून ते आठवडाभर उभं ठेवा, आणि न झटकता परत लिहून बघा. पहिलंच अक्षर उमटलं तर टोपण चांगलं आहे. परत करण्याची मुदत आठवड्याहून कमी असेल, तर पैसे भरण्याआधीच ती वाढवून मागा.