झेरॉक्सच्या दुकानात मागे राहिलेलं आधार

सात रस्ता असो, नवी पेठ असो की जुळे सोलापूर, झेरॉक्सच्या दुकानात काउंटरच्या काचेवर एक मोबाइल नंबर चिकटवलेला असतोच. "व्हॉट्सअ‍ॅपला सोडा की ओ," दुकानदार म्हणतो आणि आपण सोडतो. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पोराची मार्कलिस्ट. दोन मिनिटांत प्रिंट हातात येते, दहा-वीस रुपये देऊन आपण गाडीला किक मारतो. फाइल तिथंच राहते.

मोबाइल आपलं बोलणं चोरून ऐकतो का, यावर कट्ट्यावर तासतास वाद होतात. लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणाऱ्या एपीके फाइलबद्दल (उघडली की फोनमध्ये चोरटं अ‍ॅप बसवणारी फाइल) पोलीस, बँका सगळे सांगतायत, आणि ते सांगायलाच हवं. पण स्वतःच्या हातानं जे रोज वाटतो त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझं मत असं की सोलापुरातल्या साध्या माणसाची सगळ्यात जास्त माहिती हॅकरकडे जात नाही, ती "काम झालं, चला" म्हणून मागे सोडलेल्या प्रतींमध्ये पडून असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं एक आधार दुकानात कुठं कुठं जाऊन बसतं ते बघा. पहिली जागा दुकानदाराच्या फोनमधलं चॅट. फोटो असेल आणि मीडिया व्हिजिबिलिटी, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत दाखवणारी व्हॉट्सअ‍ॅपची सेटिंग, चालू असेल, तर गॅलरीतही तो दिसतो. गॅलरीतला तो फोल्डर गूगल फोटोजच्या बॅकअपला जोडलेला असेल, तर तिथून थेट क्लाउडवर. चॅटचा बॅकअप वेगळा. मग काउंटरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असतं, तिथून फाइल डाउनलोड्समध्ये उतरते. कार्डाच्या मापात कापायची म्हणून ती फोटोशॉपात किंवा पेंटमध्ये उघडली जाते, आणि कापलेली नवी प्रत डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ३'मध्ये सेव्ह होते. त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नसतो, असला तरी मॉनिटरच्या कडेला लिहिलेला असतो. दुपारी मालक जेवायला गेला की तिथं कामाला असलेलं पोरगं बसतं, संध्याकाळी त्याचा मित्र.

आपण काय करतो? घरी येऊन आपल्या फोनमधला मेसेज डिलीट करतो. 'डिलीट फॉर मी' केलं असेल तर दुकानातलं काहीच हललेलं नसतं. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तर चॅटमधून जातं, तेही पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांच्या आत केलं तरच. डाउनलोड्समध्ये उतरलेली फाइल, कापून सेव्ह केलेली प्रत आणि क्लाउडवर गेलेला फोटो यांना त्या बटणाचा धक्काही लागत नाही. आपोआप गायब होणाऱ्या मेसेजचंही तेच: २४ तासांनी चॅट रिकामं होतं, डाउनलोड झालेलं तसंच राहतं.

म्हणून डिलीट करण्याची वेळ प्रिंट हातात पडल्यावरची आहे, काउंटरवर उभं असताना. "डाउनलोड्समधली फाइल शिफ्ट-डिलीट करा की," एवढं म्हणायला लाजायचं कारण नाही. नुसतं डिलीट केलं की फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन पडते. शिफ्ट दाबून केलं की बिनमध्येही राहत नाही. आणि वाकडी किंवा काळपट आलेली प्रिंट मागून घ्या. ती कोऱ्या बाजूवर हिशोब लिहायला वापरली जाते, नाहीतर रद्दीत जाते, आणि रद्दीतून उद्या शेंगाचटणीच्या पुड्याला बाहेरून गुंडाळलेली कुणाच्या घरी पोचेल ते सांगता येत नाही.

त्याहून बरं म्हणजे पूर्ण आधार पाठवूच नका. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, 'डाउनलोड आधार'वर जा, तिथं मास्क्ड आधार हवं का असं विचारणारा चौकोन असतो, त्यावर टिक करा. येणाऱ्या पीडीएफमध्ये १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. ओळख पटवायला फोटो, नाव, पत्ता सगळं आहे. पंढरपूर, अक्कलकोटला लॉजवाला नोंदीसाठी आधार मागतो, तिथं हे चालायला काही अडचण नाही. तो अडून बसला तर मतदार कार्ड दाखवा. आणि लॉजच्या मॅनेजरच्या खाजगी नंबरवर सगळ्या कुटुंबाची आधार कार्डं आदल्या रात्रीच पाठवून ठेवायची जी पद्धत पडलीय, ती आपणच मोडायला हवी. पोचल्यावर दाखवा, तोवर त्याचं काही अडत नाही. कागदाची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. खाली सही. अक्षरं फोटोच्या कडेवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलं तर ती पट्टी झाकून दुसरी झेरॉक्स काढता येते.

आता एक गंमत. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढं जन्मसाल. नाव व्हॉट्सअ‍ॅपवरच दिसतं. जन्मसाल फेसबुकच्या प्रोफाइलवर असतं, नाहीतर मित्रमंडळानं चौकात लावलेल्या '४० व्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'च्या डिजिटल फलकावर फोटोसकट असतं. सोलापुरात तर वाढदिवसाला डिजिटल लागलं नाही तर माणूस जन्मलाच नाही असं समजतात! थोडक्यात, त्या पासवर्डच्या भरवशावर पीडीएफ कुणालाही सोडू नका, आणि फेसबुकवर जन्मतारखेतलं साल तरी 'ओन्ली मी' करून ठेवा. दिवस-महिना राहू द्या, शुभेच्छा येतील.

दुकानापेक्षा मला जास्त खटकतात ते ग्रुप. शाळेच्या वर्गाच्या ग्रुपवर "सर्व पालकांनी पाल्याचे आधार आज सायंकाळपर्यंत टाकावे" असा निरोप येतो आणि तासाभरात पन्नास-साठ मुलांची आधार कार्डं, जन्मतारीख-पत्त्यासकट, पन्नास-साठ घरांतल्या फोनमध्ये उतरतात. त्यातले निम्मे फोन मुलांच्याच हातात असतात. बाईंचा दोष नाही, त्यांनाही वरून आजच्या आज यादी मागितलेली असते. पण पालकांनी बाईंच्या वैयक्तिक नंबरवर पाठवलं, किंवा प्रत दप्तरातून दिली, तर यादी तेवढ्याच वेळात होते. बचत गटांच्या ग्रुपवर पासबुकांचे फोटो पडतात त्यालाही हेच लागू. ग्रुप अ‍ॅडमिनला एवढंच सांगा: कागदपत्रं टाकणारा मेसेज दिसला की लगेच सगळ्यांसाठी डिलीट करायचा. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येतो, पुष्कळांना हे माहीतच नसतं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: नुसत्या आधार क्रमांकानं खात्यातले पैसे जातात का? नाही जात, आणि उगाच तसं घाबरवणं चूक आहे. २०२२च्या मे महिन्यात यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बंगळुरू कार्यालयानं आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं पत्रक काढलं होतं, दोन दिवसांत केंद्र सरकारनं ते मागे घेतलं आणि नेहमीची काळजी घ्या एवढंच सांगितलं. धोका आकड्यात नाही, जुडग्यात आहे. लाडकी बहीणचा फॉर्म भरताना सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बिडी कामगार बायकांनी आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर असं सगळं एकाच माणसाला एकाच चॅटमध्ये दिलं. पुढं ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी आली, तेव्हा त्याच माणसाला फोन करून ओटीपीही सांगितला. फॉर्म भरून देणाऱ्यानं खरी मदतच केली असेल. पण ते जुडगं ज्याच्या हाती लागेल त्याला "बँकेतून बोलतोय" म्हणून फोन करताना नाव, गाव, खात्याचे शेवटचे आकडे बिनचूक म्हणून दाखवता येतात, आणि मग समोरच्या बाईनं शंका घ्यायची तरी कशी?

अंगठा हा याहून वाईट भाग. आधारवर पैसे काढून देणारी जी सेवा आहे, म्हणजे गावातल्या दुकानात मशीनवर अंगठा लावून हजार-दोन हजार घेतो ती, तिला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा, झालं. तेलंगणात २०१८ साली एकानं खरेदीखतांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवले आणि सिमकार्डं चालू केली होती. बरं, सिमचं म्हणाल तर १ जानेवारी २०२४ पासून कागदावरचं केवायसी बंद आहे, सगळं डिजिटल. तरीही सिमवाला आधारची झेरॉक्स ठेवून घेत असेल तर का, ते विचारा. आणि "अंगठा नीट आला नाही, परत लावा" असं तो दोनदा-तीनदा म्हणाला तर घरी येऊन दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर बघा. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर तिथं दिसतात, न ओळखीच्या नंबरपुढं 'हा माझा नाही' असं नोंदवता येतं. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात ९ सिम असू शकतात, त्यामुळं दहावं येईपर्यंत यंत्रणेला काही वावगं वाटत नाही.

ठशांना कुलूप लावता येतं. मायआधारवरच 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स' आहे, आधारच्या मोबाइल अ‍ॅपमध्येही आहे. लॉक असताना कुणी अंगठा लावला तर पडताळणी होत नाही, मशीनवर ३३० हा एरर येतो. ओटीपीची कामं चालू राहतात, त्यामुळं रोजच्या व्यवहारात फारसा फरक पडत नाही. शिवाय तिथंच ऑथेंटिकेशन हिस्ट्रीमध्ये गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुणी, कधी, कशानं तपासलं ते दिसतं. महिन्यातून एकदा बघायला पाच मिनिटं लागतात.

आता थोडं दुकानदार मित्रांशी. दिवसाला शंभर गिऱ्हाइकांच्या फाइली हातानं पुसत बसा, असं कुणी म्हणणार नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, तिथं 'स्टोरेज सेन्स' चालू करा, ते रोज चालेल असं ठेवा, आणि रिसायकल बिन व डाउनलोड्स या दोन्हींपुढं '१ दिवस' निवडा. उघडून दिवस झालेली फाइल आपोआप जाईल. कापलेल्या प्रतीही डेस्कटॉपऐवजी डाउनलोड्समध्येच सेव्ह करायची सवय लावा, म्हणजे त्याही जातील. दुकानाचा फोन घरच्या फोनपेक्षा वेगळा ठेवा, त्यात मीडिया व्हिजिबिलिटी बंद, चॅट बॅकअप बंद, आणि डिफॉल्ट मेसेज टायमर २४ तासांवर. गिऱ्हाइकाला स्वतःचा जीमेल उघडायचा असेल तर क्रोमची गेस्ट विंडो द्या. विंडो बंद केली की लॉगिन जातं, मात्र डाउनलोड केलेली फाइल जात नाही हे लक्षात असू द्या. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे म्हणतात, तो आकडा काही तुम्हाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला नाही. पण 'फाइल इथं राहत नाही' अशी पाटी लावून ती पाळणारं दुकान मला तरी दोन रुपये जास्त देऊन चालेल.

आणि ज्यांनी हे वाचून आजच बायोमेट्रिक लॉक केलं त्यांच्यासाठी: रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागतो, पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला ठसा किंवा चेहरा लागतो. रांगेत उभं राहिल्यावर तात्पुरतं अनलॉक करा, दहा मिनिटांनी ते आपोआप परत लॉक होतं. घरच्या म्हाताऱ्या माणसाचं लॉक तुम्ही केलं असेल आणि त्यांचा आधारला जोडलेला नंबर तुमच्याकडं असेल, तर रेशनच्या दिवशी फोन चालू ठेवा, नाहीतर त्यांना रिकामी पिशवी घेऊन परत यावं लागेल.