खोट्या पेशंटची एक तक्रार

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात अधूनमधून पेशंट होतो. सिम्युलेटेड पेशंट, म्हणजे डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांसमोर आजाराचं नाटक करणारा. हौशी रंगभूमीवर लुडबुड केलेली असल्यामुळे कण्हणं वगैरे जमतं. मानधनाचं विचारू नका, चहा मात्र चांगला असतो.

तक्रार अशी की आम्हाला भलत्याच कामाला जुंपलंय. इंटर्न येतो, नमस्कार करतो, ‘तपासू का काका?’ विचारतो आणि कोपऱ्यातले सर यादीवर बरोबरच्या खुणा करत जातात. नाव सांगितलं, मार्क. नजर दिली, मार्क. ही ‘ऑस्की’ची (OSCE, ठरलेल्या यादीवरून मार्क देणारी प्रात्यक्षिक परीक्षा) पद्धत हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडली आणि परीक्षेपुरती ती ठीकच आहे. पण विचार कसा करायचा हे त्या यादीतून कोण शिकणार?

माझी ठरलेली भूमिका: वय ६२, मधुमेह, पोटात वरच्या बाजूला जळजळ. ‘पित्त झालंय, एखादी गोळी द्या.’ कार्डावर आणखी दोन गोष्टी असतात, पण त्या विचारल्याशिवाय सांगायच्या नाहीत. पहाटे दरदरून घाम आला होता. आणि आठवडाभर पर्वतीच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागतंय, थांबलं की जळजळ शमते. (नटाला हे गप्प बसणं फार जड जातं. सगळं प्रेक्षकांपर्यंत पोचवायची खोड लागलेली असते ना.)

एका मुलीने माझं मन लावून ऐकलं, धीर दिला, तिखट कमी खा म्हणाली आणि पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी लिहून घरी पाठवलं. मार्क उत्तम! दुसऱ्याने केवायसीचा फॉर्म भरावा तसे प्रश्न विचारले. घाम निघाला, पर्वतीही निघाली, आणि निदान? पित्तच. पहिल्या मिनिटातच त्याचं ठरलं होतं, पुढची उत्तरं नुसती कागदावर उतरली. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला की दुखणं पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं, मधुमेह्यांना तर छातीत न दुखताही झटका येतो, हे दोघांनीही वाचलेलं असणारच.

एकदा मात्र एका मॅडमनी मध्येच हात वर करून थांबवलं. ‘आत्ता डोक्यात काय आहे? आणखी काय असू शकेल? काकांनी काय सांगितलं तर तुझं मत बदलेल?’ पोरगा गडबडला. मग म्हणाला, ‘हे कधी होतं ते विचारलंच नाही.’ विचारल्यावर मी पर्वती सांगितली. त्याने लगेच ईसीजी मागितला. मॅडम तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या: ‘आणि तो नॉर्मल आला तर घरी पाठवशील?’ त्या अर्ध्या तासात त्या मुलांनी जेवढं डोकं खाजवलं, तेवढं परीक्षेच्या दिवसांत मी एकदाही पाहिलेलं नाही.

लॉस एंजेलिसमध्ये १९६३ साली हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी हा खोट्या पेशंटचा प्रकार सुरू केला. चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईंना त्यांनी पेशंट म्हणून तयार केलं. सहकाऱ्यांनी खिल्ली उडवली म्हणे. आता आपल्याकडेही कॉलेजात स्किल्स लॅब (सरावाची खोली) लागते, तिथे पुतळे येतात. पण पुतळ्याला पित्त झाल्यासारखं वाटत नाही.

माझ्याही मर्यादा आहेत. हृदयातली मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) मला काढता येत नाही, प्लीहा वाढवता येत नाही. त्यासाठी ससूनचे वॉर्ड हवेतच. पण कॅज्युअल्टीच्या गर्दीत मध्येच थांबून ‘मी असं का समजतोय?’ म्हणायला सवड कुणाला? आणि तिथल्या चुकीची किंमत खरा माणूस मोजतो. माझ्यावर खुशाल चुका.

आणि हो, आपल्याकडे पेशंट एकटा येतो कुठे? म्हणून मला एक मुलगा हवाय. पुरुषोत्तम करंडक गाजवणाऱ्यांपैकी कुणीही चालेल. काम एवढंच: बापाच्या आधी उत्तर द्यायचं, मध्येच फोन घ्यायचा आणि ‘बाबांना नेहमीच पित्त होतं हो डॉक्टर’ हे इतक्या ठामपणे सांगायचं की समोरचा इंटर्न डगमगला पाहिजे. इच्छुकांनी इनबॉक्समध्ये यावं. चहाचं वर सांगितलंच आहे.