वाकलं की पळतं

"आपण काही केलं नाही तर कुत्रं काही करत नाही." घरच्या ग्रुपवर मावसभावाने परवा हे टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचला म्हटलं. अकरा दिवसांत आदेश बदलला: नसबंदी, लसीकरण करा आणि पिसाळलेली, हल्लेखोर वगळून बाकीची जिथली तिथे सोडा. तेव्हापासून आमच्याकडे दोन तट आहेत. एकाला कुत्रीच नकोत, दुसऱ्याला चावा घेतला तरी माणसाचीच चूक दिसते. शाळेत चालत जाणाऱ्या माझ्या भाचीने कुत्रं अंगावर आलं तर काय करायचं, हे मात्र तिला कुणीच सांगितलेलं नाही.

असंच वाक्य मी राहते तिथे, इंग्लंडमध्येही ऐकलंय. "तो फ्रेंडली आहे!" पार्कच्या त्या टोकाहून मालकीण ओरडत होती आणि तिचा स्टाफी, म्हणजे स्टॅफर्डशायर बुल टेरियर जातीचा कुत्रा, माझ्यापासून दोन हातांवर दात विचकून गुरगुरत होता. मी काय केलं होतं? बसस्टॉपकडे चालले होते.

पळाले नाही, एवढं शहाणपण सुचलं. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच. पण हात आपोआप जमिनीकडे गेला. लहानपणापासूनची सवय. दगड असो नसो, नुसतं वाकलं की गल्लीतलं कुत्रं चार पावलं मागे सरतं. या कुत्र्यावर जन्मात कुणी दगड उगारलेला नव्हता. माझा चेहरा त्याच्या तोंडासमोर आला आणि त्याने झेप घेतली. खांद्यावरची सॅक मध्ये आली म्हणून दात तिच्या पट्ट्यात रुतले. मी सॅक सोडून दिली. नजरेला नजर न देता, हात छातीशी घेऊन, पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे गेले.

इथे धोकादायक कुत्र्यांबद्दलचा १९९१चा कायदा आहे. कुत्रं चावलंच पाहिजे असं नाही, चावेल अशी रास्त भीती वाटली तरी मालकावर गुन्हा होतो. हे मी ग्रुपवर जरा ऐटीतच लिहिलं. भावाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे कुत्र्यांत रेबीज नाही. तुला बोलायला काय जातंय?"

बरोबर आहे त्याचं. तिकडे भारतात चावलं की पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग लगेच लस, कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही. लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणूनच तर ते गोड वाक्य मला सहन होत नाही.

मागच्या सुट्टीत भाचीबरोबर चालताना तीन कुत्री भुंकत आली. मी झाडासारखी ताठ उभी राहिले. भाची वाकली आणि तिन्ही पांगली.

"मावशी, तू का नाही वाकलीस?"

"विसरले," म्हणाले. खोटं होतं ते. हात निघाला होता, मीच तो आवरून धरला होता. घरी आल्यावर दप्तर पुढे कसं धरायचं ते तिला दाखवलं. तिने दोनदा करून पाहिलं आणि म्हणाली, "पण वाकलं की जातातच ना गं."