सगळाच झोल

फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधशास्त्राचं, पुस्तक मी एकदा वॉर्डातल्या बाळांच्या काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे भरलं. एवढ्या वजनाचं बाळ असतं तर कांगारू केअर म्हणून आईच्या छातीवर दिलं असतं. मीही रोज रात्री ते छातीवर घेऊनच झोपते. वाढ मात्र दोघांचीही होत नाही.

नर्सिंगच्या सीनियर ताईंनी गुरुमंत्र दिला होता, "औषधाचं आडनाव बघ गं, घराणं कळतं." पटलं. चिपळूणकर जसे चिपळूणचे, तसे अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे सगळे 'लॉल' नाडी मंद करणारे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल हे 'प्रिल' बीपी उतरवणार आणि जाता जाता एखाद्याला कोरडा खोकला देऊन जाणार. इथवर ठीक होतं. मग आले 'झोल'. पॅन्टोप्राझोल अ‍ॅसिडिटीवर, फ्लुकोनाझोल बुरशीवर, मेट्रोनिडाझोल अमिबावर, अल्बेंडाझोल जंतांवर. चौघांचं आडनाव एक, पण एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत. भाऊबंदकी असणार. त्यात अ‍ॅड्रेनालिन अमेरिकेत गेलं की एपिनेफ्रिन होतं, आणि पॅरासिटामॉल अ‍ॅसिटामिनोफेन. सासरी गेल्यावर आडनाव बदललेलं समजू शकते, यांनी पाळण्यातलं नावही ठेवलं नाही!

व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या दिवशी आजीचा गोळ्यांचा डबा (मूळचा श्रीखंडाचा) घेऊन सरावाला बसले.

"आजी, ही कोणती?"

"ती सकाळची."

"आणि ही?"

"ती कडू."

आजीचं वर्गीकरण माझ्या पुस्तकापेक्षा सुटसुटीत निघालं. तेवढ्यात ती खोकली. कोरडा खोकला! मी जवळजवळ उडीच मारली. "प्रिल! आजी, तुझा प्रिल कुठाय?" अख्खा डबा उपडा केला. प्रिल औषधालाही नव्हता. उशीखाली चिंचेच्या गोळ्यांची पुडी मात्र सापडली, अर्धी संपलेली.

"खोकल्याचं राहू दे," आजी पुडी ओढून घेत म्हणाली. "ती नवी गोळी सुरू झाल्यापासून चपला घट्ट होतायत बघ. संध्याकाळी अंगठासुद्धा शिरत नाही."

"उद्या बघू गं आजी. आत्ता मला बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन पाठ करायचंय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नेमकं तेच विचारलं. "अ‍ॅम्लोडिपिन. अ‍ॅडव्हर्स इफेक्ट सांग."

रात्री बारा वेळा घोकलेलं 'पेडल इडिमा', म्हणजे पायांवरची सूज, अर्ध्या वाटेतच कुठेतरी उतरून गेलं होतं. डोळ्यांपुढे फक्त आजीची चप्पल. तोंडातून निघालं, "चपला घट्ट होतात, मॅडम."

शेजारचे बाहेरून आलेले सर फिस्सकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच हळू आवाजात विचारलं, "किती एमजीला?"

"दहाला जास्त, मॅडम. पाचला कमी."