पदवीवर वड नाही म्हणून ती बनावट?

साताऱ्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘छत्रपती शिवाजी कॉलेजच्या पदवीवर वडाचं झाड नसेल तर ती बनावट.’ हे साफ चूक आहे.

वड हे कॉलेज चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात आणली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचंच वाक्य. पण १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी विद्यापीठ देतं, कॉलेज चालवणारी संस्था नव्हे. हे कॉलेज आधी ज्याला जोडलेलं होतं, ते शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये कोल्हापुरात झालं, ब्रीद ‘ज्ञानमेवामृतम्’. त्याच्या पदवीवर चिन्हही त्याचंच. वड बघायचाच असेल तर कॉलेजच्या बोनाफाईडवर बघा.

गोंधळ वाढला तो २०२१ नंतर. साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आणि हे कॉलेज त्यात गेलं. त्यामुळं थोरल्याच्या आणि धाकट्याच्या पदवीवर वेगवेगळी चिन्हं दिसू शकतात. तेवढ्यावरून कुठलीच खोटी ठरत नाही. शंका असेल तर ज्या विद्यापीठाचं नाव पदवीवर आहे, त्याच्या परीक्षा विभागाकडून पडताळणी करून घ्या. चिन्ह काय, फ्लेक्सवालाही छापून देतो.