आंबिलीचा प्रश्न यादीत कोण घालणार?

बेळगावातल्या माझ्या डॉक्टर मित्राचं म्हणणं असं, की गिळण्याच्या त्रासासाठी आधी तपासणीची यंत्रं आणा, संशोधनाचं मग बघू. आणि संशोधन कशावर व्हावं हे पेशंटला काय विचारायचं?

मी लीड्समध्ये स्पीच थेरपिस्ट आहे; बोलण्यासोबत गिळण्याचे त्रासही आम्हीच बघतो. इथं संशोधन कशावर व्हावं हे ठरवायला 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स या संस्थेची पद्धत आहे. पेशंट, त्यांना सांभाळणारी माणसं आणि उपचार करणारे एकत्र बसून उत्तर न मिळालेल्या प्रश्नांतले महत्त्वाचे 10 निवडतात. नुसतं संशोधन करणाऱ्यांना तिथं मत नसतं. मला हे पटतं. तरी या टेबलाभोवती निवृत्त, सफाईदार इंग्रजी बोलणारी मंडळीच जास्त. ब्रॅडफर्डच्या उर्दू बोलणाऱ्या आज्जी मला तिथं क्वचितच दिसल्या.

त्यामुळे इथली यादी उचलून निपाणीला नेण्यात अर्थ नाही. तंबाखूच्या त्या पट्ट्यात तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो, तेव्हा पातळ पाणी चुकीच्या वाटेनं जाऊ नये म्हणून ते दाट करायची महागडी पावडर महिनोन्‌महिने कोण आणणार? सून नाचणीची आंबील देते. दाटपणा मोजायची आयडीडीएसआयची (गिळायला त्रास असणाऱ्यांच्या अन्नाचे दाटपणाचे जागतिक टप्पे) चाचणी सोपी आहे: 10 मिलीची सिरिंज भरायची, 10 सेकंद वाहू द्यायची, उरेल ते बघायचं; जास्त उरलं तर जास्त दाट. आंबील गरम असताना सिरिंजमधून भराभर उतरते, निवली की अडून बसते. उष्टा चमचा वाटीत बुडत राहिला की पुन्हा पातळ होते, कारण लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. आमटीत चुरलेली भाकरी त्याहून अवघड. पातळ आमटी आधी घशात उतरते, चुरा मागे राहतो. मग किती गरम द्यायची, चमचा कधी बदलायचा, हे त्या सुनेचे प्रश्न आहेत.

आपल्याकडे भाषेचा वाद पाट्या आणि सातबाऱ्यापाशी अडतो. 1956 पासूनचं ते दुखणं खरंच आहे. पण ‘हनुवटी छातीकडे घ्या, मग गिळा’ ही सूचना लकवा झालेल्या मराठी म्हाताऱ्याला कन्नडमधून मिळाली आणि तो नुसता मान हलवत राहिला, तर ठसका लागणारच. माझ्या लेखी ही मागणी पाट्यांच्या आधी. आणि यादी करायला खानापूरच्या मराठी घरासोबत हुक्केरीचं कन्नड घरही बोलवा. एकीकडे भात, दुसरीकडे जोंधळा, प्रश्न वेगळे निघतील.

यंत्राबद्दल मित्र चुकत नाही. ठसका न लागताही अन्न श्वासनळीत जातं, ते बाहेरून कळत नाही. पण यंत्र आल्यावर त्याच्यासमोर बसवून पेशंटला भरवणार काय, एक्स-रेत दिसावं म्हणून बेरियम लावलेलं बिस्किट की घरची आंबील?